वाचकांचे प्रश्न : चिखलाने झिजलेले इंजिन आणि घरचे ‘हाफ इंजिन’ काम

यंत्रदुरुस्तीविषयी आलेल्या पत्रांपैकी एकाच विषयाची चार पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण उरलेल्या तिघांच्या शंकांचा बराचसा भाग त्यातच येऊन जातो.

प्रश्न : मुळशी तालुक्यात आमचे छोटेसे कृषी पर्यटन केंद्र आहे. तेथे पाहुण्यांसाठी ‘२५० सीसी’ म्हणून घेतलेली, चिनी बनावटीचे एअर-कूल्ड इंजिन असलेली एटीव्ही (खडबडीत वाटांवर चालणारी उघडी चारचाकी) आहे. इंजिनावर ‘१६७एफएमएम’ असा ठसा आहे. गेल्या पावसाळ्यात ती भातखाचरालगत चिखलात रुतली आणि बराच वेळ चाके फिरवल्यावर कशीबशी निघाली. तेव्हापासून निळसर धूर येतो, चढावर ओढ राहिलेली नाही, सकाळी सुरू करताना त्रास होतो आणि ऑइल वरचेवर कमी होते. गॅरेजवाले ‘फुल इंजिन करावे लागेल’ म्हणतात. दुचाकीची साधी कामे मला येतात. फक्त वरचे काम, म्हणजे हेड, ब्लॉक, पिस्टन आणि रिंगा, घरी करता येईल का? (एक वाचक, मुळशी)

उत्तर : करता येईल. मात्र हेडचा पहिला नट सैल करण्याआधी चिखल इंजिनात कोणत्या वाटेने शिरला आणि तो किती खोल गेला, हे शोधून काढले पाहिजे. वाट न बुजवता नवा पिस्टन बसवला तर तोही पुढच्या पावसाळ्यात त्याच वाटेने झिजेल, आणि क्रँकच्या (पिस्टनच्या धावेने फिरणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बेअरिंगांत रेव शिल्लक असताना वरचा भाग नवा केला तर थोड्याच दिवसांत सगळे पुन्हा उघडावे लागेल. गॅरेजवाल्यांचे ‘फुल इंजिन’ म्हणणे सरसकट लबाडीचे मानू नये. दुरुस्त केलेली गाडी महिन्याभरात परत येऊ नये, असे त्यांनाही वाटते. परंतु इंजिन न उघडता सांगितलेले निदान शेवटचे मानण्याचेही कारण नाही.

आधी इंजिनाची ओळख करून घेऊ. ‘१६७एफएमएम’मधला पहिला १ हा एकच सिलिंडर असल्याचे सांगतो, ६७ म्हणजे बोअरचा, अर्थात सिलिंडरच्या पोकळीचा, व्यास मिलिमीटरमध्ये, ‘एफ’ म्हणजे हवेने थंड होणारे, आणि शेवटचे अक्षर इंजिनाचा आकारगट दाखवते. या गटातील नेहमीच्या इंजिनाचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६५ मिमी असतो, म्हणजे प्रत्यक्ष घनफळ २२९ सीसी भरते. ‘२५०’ हे विक्रीचे नाव झाले. याच ठशाची दोन वेगळी इंजिने बाजारात आहेत. एकात कॅमशाफ्ट खाली क्रँककेसमध्ये असून पुशरॉड नावाच्या काड्या व्हॉल्व्ह उघडणाऱ्या रॉकरला ढकलतात, तर दुसऱ्यात कॅमशाफ्ट वर हेडमध्ये असून टायमिंग चेन असते. पुशरॉडच्या इंजिनाचे मूळ होंडाने १९७६ मध्ये ब्राझीलमध्ये आणलेल्या सीजी १२५ या मोटारसायकलमध्ये आहे. घरी काम करणाऱ्याला ते सोयीचे पडते, कारण हेड काढताना टायमिंग हलण्याची भीती नसते. पिस्टन मागवताना मात्र केवळ ठसा सांगून भागत नाही. पिस्टन पिनचा व्यास आणि पिनपासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची या दोन्ही प्रकारांत वेगळी असू शकते, म्हणून जुना पिस्टन हातात घेऊनच दुकानात जावे.

न उघडता होणारी पहिली तपासणी कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणाऱ्या दाबाची, आहे. इंजिन कोमट असताना प्लग काढून तेथे गेज लावावा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून सेल्फ मारावा आणि काटा कुठे स्थिर होतो ते टिपावे. नंतर प्लगच्या भोकातून चहाच्या चमच्याइतके ऑइल आत सोडून तीच चाचणी पुन्हा घ्यावी. आकडा लक्षणीय वाढला तर गळती रिंगांतून आणि बोअरमधून आहे. फारसा न वाढला तर व्हॉल्व्हांकडे किंवा हेडच्या पॅकिंगकडे पाहावे. आपण लिहिलेला निळसर धूर आणि कमी होणारे ऑइल पाहता पहिलीच शक्यता अधिक वाटते. प्लग काढण्याआधी त्याच्या खळग्यातील वाळलेली माती ब्लोअरने किंवा सायकलच्या पंपाने उडवून टाकावी. ही माती प्लग काढताच थेट सिलिंडरमध्ये पडते, आणि पुष्कळ इंजिनांचे जास्तीचे नुकसान दुरुस्तीच्या दिवशीच होते.

दुसरी तपासणी ऑइलची. ते गरम असताना स्वच्छ पांढऱ्या भांड्यात काढावे आणि थोडे बोटांच्या चिमटीत चोळून पाहावे. दुधट रंग पाण्याची खूण आहे, तर चिमटीत कचकच लागणे ही रेवेची. या घराण्यातील इंजिनांत दुचाकीसारखा कागदी ऑइल फिल्टर नसतो. तळाशी जाळी असते आणि क्रँकच्या उजव्या टोकाला ऑइल गाळणारी एक वाटी फिरत असते. फिरण्याच्या जोराने जड कण तिच्या कडेला चिकटून राहतात. क्लचच्या बाजूचे कव्हर उघडून या वाटीचे झाकण काढले की इंजिनाच्या पोटात काय गेले ते उघड दिसते. गुळगुळीत काळा लेप असेल तर तो नेहमीच्या वापराचा आहे. करडा, वाळूमिश्रित थर असेल तर रेव ऑइलबरोबर सगळीकडे फिरली आहे, असे समजावे. फक्त वरचे काम, म्हणजे ‘हाफ इंजिन’, की ‘फुल इंजिन’ याचा निम्मा निर्णय या वाटीत होतो. त्यासाठी हेडला हातही लावावा लागत नाही, तरी बहुतेक जण ती शेवटी उघडतात.

आता उघडण्याकडे वळू. टाकी आणि सीट काढून इंजिन, हवा लागून ते थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पंखांच्या खाचांपर्यंत, रॉकेलने व ब्रशने स्वच्छ करावे आणि वाळू द्यावे. पंखांमध्ये वाळून घट्ट बसलेला चिखल हेही नुकसानीचे एक कारण असते: हवा पंखांना लागत नाही, ब्लॉक तापतो, ऑइल पातळ होते आणि रिंगांचा ताण जातो. आपली गाडी चिखलात रुतून चाके फिरवत होती, म्हणजे इंजिन जोरात चालत असताना वारा मुळीच लागत नव्हता; तेवढ्या वेळात उष्णतेचा मार बसला असण्याचा संभव आहे. रॉकरचे कव्हर काढल्यावर फ्लायव्हीलवरील ‘टी’ खूण जुळवून पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणावा. या स्थितीत दोन्ही पुशरॉड सैल असतात. ते काढून आत येणाऱ्या व्हॉल्व्हचा आणि बाहेर जाणाऱ्या व्हॉल्व्हचा असे वेगळे ठेवावेत, वरचे टोक कोणते हेही खुणेने टिपावे. हेडचे नट एकदम न काढता कर्णरेषेत, थोडे थोडे सैल करावेत. ब्लॉक वर उचलताना पिस्टन त्यातून मोकळा होण्याआधीच क्रँककेसचे तोंड स्वच्छ फडक्याने भरून घ्यावे; तुटलेल्या रिंगेचा तुकडा किंवा निसटलेली सर्क्लिप (पिस्टन पिन अडवणारी तारेची कडी) आत गेली तर अर्ध्या दिवसाचे काम आठवड्याचे होते.

पिस्टन हातात आला की तो लगेच पुसू नये. त्याच्यावर सगळा इतिहास लिहिलेला असतो. धूळ एअर फिल्टरमधून आली असेल तर पिस्टनची बाजू, विशेषतः हवा आत येते त्या अंगाची, चकाकी जाऊन करडी पडते आणि तिच्यावर बारीक उभ्या रेषा दिसतात. वरची रिंग सर्वांत जास्त झिजते, ऑइल रिंगच्या पातळ पट्ट्यांच्या कडा धारदार होतात, आणि आत येणाऱ्या व्हॉल्व्हची बैठक रुंदावते. रेव ऑइलमधून आली असेल तर झीज पिस्टनच्या खालच्या भागावर आणि खालच्या रिंगांवर अधिक दिसते. उष्णतेने पिस्टन धरला असेल तर रेषांऐवजी अॅल्युमिनियम वितळून फासल्यासारखे डाग, बहुधा पिनच्या दोन्ही बाजूंना मिळून चार ठिकाणी, आढळतात. या तीन खुणा एकत्रही असू शकतात, पण त्यांतली एक सहसा ठळक असते.

मग खालच्या भागाची परीक्षा घ्यावी. क्रँक फिरवून कनेक्टिंग रॉड सर्वांत वर आणावा, दोन्ही हातांनी धरून सरळ वर-खाली ओढावा. आडव्या दिशेने थोडी सरक असणे योग्यच आहे, तिला दोष समजू नये. उभ्या दिशेने मात्र जाणवेल असा ‘टक’ लागता कामा नये. क्रँक हळूहळू फिरवताना खरखर जाणवली किंवा फ्लायव्हील धरून हलवल्यावर ते वर-खाली डुलले, तरीही तोच निष्कर्ष निघतो. अशा वेळी क्रँक बाहेर काढून प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये नवा रॉड किट बसवून तो सरळ करून घ्यावा लागतो, आणि ते काम घरी होणारे नाही. येथे गॅरेजवाल्यांचे म्हणणे खरे ठरले तर ते मान्य करावे. वाटी स्वच्छ, रॉड घट्ट आणि क्रँक गुळगुळीत असेल, तर आपले ‘हाफ इंजिन’ निर्धास्तपणे पुढे न्यावे.

बोअरची झीज मोजण्यासाठी बोअर गेज हे खरे साधन आहे. तळ, मध्य आणि माथा अशा तीन उंचींवर, प्रत्येक ठिकाणी दोन काटकोनी दिशांनी मोजायचे असते. ते नसल्यास एक घरगुती पद्धत चांगली काम देते. नवी, स्टँडर्ड मापाची वरची रिंग ब्लॉकमध्ये घालून पिस्टनच्या माथ्याने ती सरळ खाली ढकलावी. बोअरच्या अगदी तळाशी, जिथे रिंग कधी घासत नाही तिथे, तिच्या दोन टोकांमधील फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पट्ट्यांनी) मोजावी. नंतर हीच रिंग माथ्यापासून सुमारे १० मिमी खाली, झीज सर्वाधिक असते तिथे, नेऊन पुन्हा मोजावी. दोन फटींतील फरकाला ३.१४ ने भागले की व्यासातील फरक मिळतो. समजा तळाशी फट ०.३० मिमी आणि वर ०.५५ मिमी आली. फरक ०.२५, भागाकार सुमारे ०.०८. म्हणजे बोअर वरच्या बाजूला ०.०८ मिमी रुंदावला आहे. एवढ्या आकाराच्या इंजिनात नव्या पिस्टनला सर्व मिळून ०.०३ ते ०.०५ मिमी मोकळीक दिली जाते आणि ०.१० मिमी ही साधारण शेवटची मर्यादा मानतात, हे लक्षात घेता ०.०८ची नुसती झीज म्हणजे ब्लॉक बोअर करण्याची वेळ आलेली आहे.

बोअरिंगसाठी ब्लॉक लेथवाल्याकडे द्यावा. त्याआधी ०.२५ किंवा ०.५० मिमीने मोठा, असा पुढच्या मापाचा पिस्टन विकत घ्यावा आणि तोही ब्लॉकबरोबर द्यावा, कारण बोअर पिस्टनला जुळवून करायचा असतो, छापील मापाला नव्हे. मोकळीक किती हवी हे त्याला चिठ्ठीवर लिहून द्यावे. शेवटचे होनिंग (दगडाने बोअर घासणे) असे हवे की बोअरवर तिरप्या रेषा एकमेकींना साधारण ४५ अंशांत छेदतील. या रेषांत ऑइल टिकते आणि रिंगा बसतात.

ब्लॉक परत आल्यावर होणारी हयगय सर्वांत महागात पडते. होनिंगच्या दगडाचे कण तिरप्या रेषांत अडकलेले असतात आणि पेट्रोल किंवा रॉकेल ओतून ते निघत नाहीत. कण तसेच राहून तेल तेवढे उडून जाते. गरम पाणी, भांडी घासण्याचा साबण आणि कडक ब्रश यांनी बोअर घासावा, पांढरे फडके आत फिरवल्यावर करडा डाग उमटेनासा होईपर्यंत पुन्हा पुन्हा घासावा, आणि कोरडा करून लगेच ऑइलचा हात फिरवावा. पावसाळी हवेत उघडे बिडाचे लायनर पाहता पाहता तांबूस होते. हीच दक्षता व्हॉल्व्ह लॅपिंगनंतर, म्हणजे व्हॉल्व्ह पेस्ट लावून बैठकीवर घासून जमवल्यावर, हवी. लॅपिंगची पेस्ट आणि चिखलातील रेव यांत इंजिनाच्या दृष्टीने फरक नाही. दोन्ही धातू खातात.

हेडचे काम त्या मानाने थोडके आहे. काजळी लाकडी पट्टीने किंवा पितळी ब्रशने काढावी. सपाट पट्टी हेडच्या तोंडावर कर्णरेषेत ठेवून खाली ०.०५ मिमीची फिलर पट्टी शिरते का पाहावे. शिरत असेल तर जाड काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून हेड आठच्या आकड्यात फिरवत घासता येते, ०.१० मिमीहून जास्त वाकलेले हेड मशीनवर फेसिंग करून घ्यावे. व्हॉल्व्ह लॅपिंग केल्यावर बैठकीवर सुमारे १ ते १.५ मिमी रुंदीचा, सलग, करडा पट्टा दिसला पाहिजे. मग स्प्रिंगसह व्हॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये थोडे रॉकेल ओतावे. काही मिनिटांत ज्वलनकक्षाच्या बाजूला ओल दिसली नाही तर बैठक जमली. गाइडमध्ये व्हॉल्व्ह डुलत असेल तर लॅपिंग कितीही केले तरी टिकत नाही, तेव्हा गाइड बदलून घ्यावा. ऑइल सील नवेच घालावेत.

जोडणी करताना प्रत्येक रिंगेची फट बोअरमध्ये पाहावी. ६७ मिमीच्या बोअरला ०.२५ मिमीच्या आसपास असेल तर ती योग्य आहे, आणि दोन टोके एकमेकांना टेकत असतील तर कानशीने काळजीपूर्वक वाढवावी. रिंगेवरील अक्षर वर यावे, तीन फटी एकमेकींपासून १२० अंशांवर राहाव्यात, पिस्टनवरची ‘इन’ खूण कार्ब्युरेटरच्या बाजूला असावी. सर्क्लिपा जुन्या वापरू नयेत, आणि त्यांचे उघडे तोंड पिस्टनच्या खाचेसमोर येऊ देऊ नये. अशा बहुतेक इंजिनांत वरच्या भागाचे ऑइल एका स्टडच्या भोवतीच्या मोकळ्या जागेतून चढते. त्या स्टडचा ओ-रिंग आणि तांब्याचा वॉशर ज्याच्या त्याच जागी परत गेला पाहिजे, नाहीतर रॉकर कोरडे पडतात किंवा नटाखालून ऑइल पाझरत राहते. नट कर्णरेषेत, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने आवळावेत. आकडा पुस्तिकेतूनच घ्यावा, हाताच्या अंदाजावर सोडू नये, कारण अॅल्युमिनियममधील आटे एकदा गेले की स्टड पुन्हा धरत नाही. टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांमधली फट, इंजिन पूर्ण थंड असताना ठेवावे. मूळ सीजी १२५ साठी दोन्ही व्हॉल्व्हांना ०.०८ मिमी हे माप आहे. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळे दिले असेल तर तेच पाळावे.

सुरू करण्याआधी प्लग काढून क्रँक हाताने दोन-चार फेरे फिरवावा आणि मग थोडा वेळ सेल्फ मारून ऑइल वरपर्यंत पोहोचल्याची रॉकरपाशी खात्री करावी. पहिल्या तासात गाडी नुसती उभी करून संथ चालवत ठेवण्याची जी रीत आहे ती मला योग्य वाटत नाही. रिंगा बोअरवर बसण्यासाठी त्यांच्यामागे ज्वलनाचा दाब लागतो, म्हणून इंजिन गरम झाल्यावर मध्यम थ्रॉटलवर, कमी-जास्त वेगाने, हलक्या चढावर चालवावे आणि मध्ये थंड होऊ द्यावे. पहिले ऑइल तासाभरातच बदलावे, त्यावेळी तळाची जाळीही धुवावी. ऑइल साधे खनिज आणि ओल्या क्लचला चालणारे, दुचाकीचे घ्यावे. मोटारीचे घेऊ नये.

आणि आता चिखल शिरण्याची ती वाट. एअर फिल्टरचा स्पंज फाटलेला, कडेने दुमडलेला किंवा कोरडा असेल, एअर बॉक्सचे झाकण नीट बसत नसेल, किंवा फिल्टर व कार्ब्युरेटर यांमधली रबरी नळी तडकलेली असेल, तर दोष तिथेच सापडेल. नळी दाबून, वाकवून उजेडात पाहावी, कारण तडे सरळ ठेवल्यावर मिटतात. शंका राहिली तर फिल्टरच्या पुढच्या, स्वच्छ बाजूला नळीच्या आत ग्रीसचा पातळ हात द्यावा आणि गाडी धुळीत फिरवून आणावी; ग्रीसवर माती चिकटलेली दिसली तर हवा फिल्टरला वळसा घालून येत आहे. स्पंज पेट्रोलमध्ये धुवू नये, त्याचे डकवलेले सांधे सुटतात. साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, फिल्टरच्या चिकट तेलात भिजवून पिळावा आणि टेकणाऱ्या कडेला ग्रीस लावावे. क्रँककेसच्या श्वासनळीचे टोक कुठे उघडते तेही पाहावे. तापलेले इंजिन गार पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि खाली लोंबणाऱ्या त्या नळीतून पाणी व गाळ आत खेचला जातो. टोक टाकीच्या खाली उंचावर नेऊन बांधणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

प्रश्न : माझ्या एटीव्हीचा ब्लॉक बोअर न करता फक्त रिंगा बदलून, एमरी पेपरने बोअर घासून काम भागवता येईल का? ओळखीचे मेकॅनिक तसेच करतात. (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : झीज थोडी असेल, बोअर वाटोळा असेल आणि नख फिरवताना अडकेल असा एकही ओरखडा नसेल, तर नव्या रिंगा आणि हलके होनिंग पुरते. वर दिलेली रिंगेच्या फटीची पद्धत आपणही करून पाहावी. वर आणि तळाशी फटीत ०.१० मिमीपेक्षा कमी फरक आला तर बोअरची झीज साधारण ०.०३ मिमीपर्यंतच आहे आणि रिंगांवर भागेल. पिस्टनचे रिंग-घरही तपासावे. नवी रिंग घरात बसवून वरच्या फटीत फिलर पट्टी घालावी, ०.१० मिमीची पट्टी सहज जात असेल तर पिस्टनच बदलावा, कारण अशा घरात रिंग वर-खाली आपटून मोडते.

एमरी पेपर हाताने गोल गोल फिरवला तर आडव्या रेषा पडतात, आणि त्या ऑइल धरून ठेवत नाहीत. ड्रिलला लावायचा गोळ्यांचा होनिंग ब्रश मिळाला तर ड्रिल कमी वेगाने फिरवत आणि हात भराभर वर-खाली नेत तिरप्या रेषा आणाव्यात. काही सेकंदांचे काम असते. पण त्याआधी बोअर बिडाचा आहे याची खात्री करावी. होंडाची टीआरएक्स ४५०आर किंवा यामाहाची वायएफझेड ४५० यांसारख्या गाड्यांत अॅल्युमिनियमच्या बोअरवर कठीण मुलामा दिलेला असतो. तो बोअर करता येत नाही. मुलामा गेला तर ब्लॉक बदलावा किंवा पुन्हा मुलामा देऊन घ्यावा लागतो. लोहचुंबक बोअरला घट्ट चिकटला तर लायनर बिडाचे आहे.

प्रश्न : अमेरिकेत आल्यावर मी वापरलेली होंडा ४००ईएक्स ही एटीव्ही घेतली. ओढ्यात ती हँडलपर्यंत बुडाली आणि बंद पडली. ऑइल कॉफीत दूध घातल्यासारखे झाले आहे. वरचे काम लगेच करावे का? (एक वाचक, मिशिगन)

उत्तर : लगेच नको. आधी पाणी बाहेर काढावे, मग मोजावे, आणि मगच उघडावे. प्लग काढल्याशिवाय सेल्फ मारू नये. पाणी दाबले जात नाही, आणि सिलिंडरमध्ये ते भरलेले असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून इंजिन फिरवले की पाणी उडून जाईल. आपले ३९७ सीसीचे इंजिन ड्राय संप प्रकारचे आहे, म्हणजे ऑइलचा साठा वेगळ्या टाकीत असतो. त्यामुळे क्रँककेस आणि टाकी या दोन्हींतून ऑइल काढावे लागते. एकाच ठिकाणचे काढून नवे भरणारे लोक दुसऱ्या दिवशी पुन्हा दुधट ऑइल पाहून पॅकिंग फुटल्याचा संशय घेतात. स्वस्त ऑइल भरून काही मिनिटे चालवावे, पुन्हा काढावे, आणि रंग स्वच्छ येईपर्यंत हे करावे. फिल्टर, टाकीतील जाळी आणि नळ्याही धुवाव्यात. ऑइलची पातळी इंजिन काही मिनिटे चालवून बंद केल्यावरच पाहावी, कारण उभ्या गाडीत ऑइल टाकीतून खाली उतरते आणि पट्टी फसवते.

या इंजिनात सुरू करताना दाब कमी करणारी स्वयंचलित रचना असल्याने कॉम्प्रेशन गेजचा आकडा कमी दिसतो. त्यावरून घाबरून जाऊ नये. पिस्टन वर असताना प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन ती कुठून सुटते ते ऐकणारी लीक-डाउन चाचणी अधिक विश्वसनीय आहे. ऑइल भरण्याच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर बाहेर जाणारा व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर आत येणारा. थंड असताना टॅपेट आत येणाऱ्याला ०.१० आणि बाहेर जाणाऱ्याला ०.१२ मिमी ठेवून मगच ही चाचणी घ्यावी, कारण घट्ट राहिलेला टॅपेटसुद्धा फुटक्या बैठकीसारखाच दिसतो. पुढे उघडावेच लागले तर मूळ बोअर ८५ मिमीचा आहे आणि लायनर बिडाचे असल्याने पुढच्या मापाला नेता येते. हेडवरचे रॉकर कव्हर पॅकिंगवर नव्हे, तर पातळ लावलेल्या द्रव सीलंटवर बसते. तो सढळ हाताने थापला तर आतल्या बाजूला लोंबणारे तुकडे तुटून ऑइलच्या वाटेत जातात. पिस्टन वरच्या टोकाला आला असताना ब्लॉकच्या काठापासून दोन्ही अंगांना सारखाच खाली-वर आहे का हे पाहायला विसरू नये. पूर्वीपेक्षा खाली राहत असेल तर रॉड वाकलेला आहे, आणि मग नुसत्या वरच्या कामाचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : आमच्याकडे पर्यटकांना भाड्याने द्यायच्या एटीव्ही आहेत. रोज संध्याकाळी त्या प्रेशर वॉशरने धुतो. इंजिनाला यापासून धोका आहे का? (एक वाचक, उत्तर गोवा)

उत्तर : चाकांना आणि मडगार्डला प्रेशर वॉशर चालेल. इंजिनाभोवती तो लांबून आणि पसरट धारेने वापरावा. एअर बॉक्सचे तोंड, कार्ब्युरेटर, प्लगची टोपी आणि एक्सलच्या सीलांवर थेट धार धरू नये, कारण अशा धारेने चिखल निघण्याऐवजी सीलच्या ओठाखाली ढकलला जातो. पंखांमधला चिखल ओला असतानाच साध्या पाइपने धुवावा, पण इंजिन आधी कोमट होऊ द्यावे. धुतल्यावर एअर बॉक्सच्या तळाचे रबरी बोंडूक दाबून पाणी काढावे आणि इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून ठेवावे. त्या बोंडकातून पाण्याबरोबर लाल गाळ येत असेल, तर दुसऱ्या दिवशी गाडी पर्यटकाच्या हाती देण्याआधी फिल्टर उघडून पाहावा.